पोपटी आणि हिवाळी आकाशदर्शन (कर्जत-खालापूर)

पोपटी आणि हिवाळी आकाशदर्शन ही रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत थंडीच्या दिवसांत आढळणारी प्रथा आहे. रात्री मोकळ्या शेतात एकत्र जमणे, तेथेच मडक्यात शेंगा भाजून जेवणे आणि जेवणानंतर त्याच जागी बसून आकाश न्याहाळणे असे तिचे स्वरूप असते. यांपैकी पोपटी ही शेतकरी कुटुंबांची जुनी रीत होय. आकाशदर्शनाचे संघटित कार्यक्रम त्यामानाने अलीकडचे असून ते मुख्यतः मुंबई, ठाणे व पुणे येथील हौशी खगोलअभ्यासकांमुळे या भागात रुजले. दोहोंचा ऋतू, जागा व वेळ एकच असल्यामुळे ते अनेकदा एकत्र येतात. खोपोलीलगतचे साजगाव, खालापूर, कर्जत, नेरळ आणि त्यांच्या आसपासच्या वाड्यावस्त्या हा या प्रथेचा परिसर आहे.

नॉर्वे, आइसलँड, फिनलंड इत्यादी देशांत हिवाळ्यात ध्रुवीय प्रकाशाची वाट पाहत उघड्यावर किंवा तंबूत जेवण्याची पद्धत आहे. तिच्याशी या प्रथेचे काही बाबतींत साम्य आहे. रायगडातून ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, तथापि त्याला कारणीभूत होणाऱ्या भूचुंबकीय वादळांच्या अभ्यासाशी या जिल्ह्याचा शंभर वर्षांहून अधिक काळ संबंध आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील समुद्रकिनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले तालुके आहेत. जिल्ह्याचे पूर्वीचे नाव कुलाबा. १९८१ मध्ये ते बदलून रायगड करण्यात आले. कर्जत तालुक्यातून उल्हास नदी, तर खालापूर तालुक्यातून पाताळगंगा नदी वाहते. खोपोली हे बोरघाटाच्या पायथ्याचे शहर असून कर्जतहून निघालेला रेल्वेचा फाटा तेथे संपतो. साजगाव खोपोलीला लागून आहे.

हा परिसर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर येतो. पूर्वेस सह्याद्रीची उंच भिंत आणि पश्चिमेस माथेरानचा डोंगर असल्यामुळे मधल्या खोऱ्यात क्षितिजालगतचे आकाश बरेचसे झाकले जाते; डोक्यावरचे आणि दक्षिणेकडचे आकाश त्यामानाने मोकळे राहते. पावसाळ्यात येथे आकाश दिसणे दुर्मीळ असते. ऑक्टोबरनंतर ढग निवळतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात आकाश बहुतेक निरभ्र असते, हवा कोरडी होते आणि रात्री गारवा जाणवतो. मात्र पहाटे खोऱ्यात दव व धुके साचते.

हंगाम

या भागाचे मुख्य पीक भात आहे. पावसाळी भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उरकली की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरला जातो. त्याला वेगळे पाणी देण्याची गरज पडत नाही. रात्रीचे दव आणि जमिनीतील ओल त्याला पुरते. जानेवारीच्या सुमारास शेंगा भरू लागतात आणि फेब्रुवारीअखेरपर्यंत ओल्या शेंगा मिळत राहतात. पोपटीचा हंगाम तोच असतो. वाळलेल्या वालाला मोड आणून बिरडे करतात, ते वर्षभर चालते; पोपटीला मात्र ओली व भरलेली शेंगच लागते.

वालाबरोबरच शेताच्या बांधावर आणि पडीक जागेत भांबुर्डा नावाची रानवनस्पती याच दिवसांत उगवते. तिला भांबुर्डी किंवा भामरुड असेही म्हणतात. वनस्पतिशास्त्रातील तिचे नाव ब्लूमिया लासेरा असे आहे. तिच्या पानांना उग्र वास असतो आणि तोच पोपटीला तिची ओळख देतो. ही वनस्पती कोणी लावत नाही. नांगरट व बांधकाम न झालेली मोकळी जमीन असेल तेथेच ती सापडते.

पावसाळ्यानंतर मोकळे झालेले शेत, ओलीवर येणारा वाल, बांधावरचा भांबुर्डा आणि निरभ्र आकाश या चार गोष्टी वर्षातून साधारण दोन महिने एकत्र जुळतात. या प्रथेचे कालमान त्यावरून ठरते.

साजगावची यात्रा

थंडीच्या हंगामाची सुरुवात या परिसरात साजगावच्या यात्रेने होते. साजगाव-ताकई येथे विठ्ठलाचे देवस्थान असून कार्तिक महिन्यात एकादशीपासून तेथे यात्रा भरते व ती पुढे कित्येक दिवस चालते. यात्रेत सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. त्यात बोंबील प्रमुख असल्यामुळे हा देव ‘बोंबल्या विठोबा’ या नावाने ओळखला जातो. वारकरी परंपरेतील शाकाहारी दैवताच्या नावाला सुक्या मासळीचे विशेषण लागल्याचे हे विरळ उदाहरण आहे. या स्थानाशी संत तुकारामांची आख्यायिकाही जोडली जाते.

घाटमाथा आणि कोकण यांना जोडणाऱ्या बोरघाटाच्या पायथ्याशी असल्यामुळे वरच्या व खालच्या अशा दोन्ही मुलखांतील लोक येथे येतात. भाताची कापणी होऊन हातात थोडा पैसा आणि थोडी उसंत आलेली असते. दिवसा देवदर्शन व खरेदी आणि रात्री यात्रेतील खाणेपिणे असा क्रम असतो. घराबाहेर, थंडीत, उघड्या आकाशाखाली जेवण्याचा हा हंगामातील पहिला प्रसंग होय. यात्रेतील रात्र दिव्यांच्या झगमगाटाची असते, तर पुढे पौष-माघात शेतावर भरणारी पोपटीची रात्र अंधाराची असते.

पोपटी

साहित्य

पोपटीचा मुख्य घटक गावठी वालाच्या ओल्या शेंगा हा होय. त्यासोबत बटाटे, रताळी, कांदे, लहान वांगी व कोनफळ घालतात. मांसाहारी पोपटीत अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी असते. मसाल्यासाठी जाडे मीठ आणि ओवा पुरेसा मानला जातो. कोंबडीसाठी आले, लसूण व मिरचीचे वाटण करतात. पदार्थात पाणी किंवा तेल घालत नाहीत.

मडके भरणे

मातीचे मडके धुऊन त्याच्या तळाशी भांबुर्ड्याच्या पाल्याचा जाड थर देतात. त्यावर शेंगांचा थर पसरून मीठ व ओवा भुरभुरतात. कंदमुळे आणि केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी मध्यभागी ठेवतात, म्हणजे तिला चारही बाजूंनी सारखी धग लागते. वर पुन्हा शेंगांचा थर येतो. शेवटी मडक्याचे तोंड भांबुर्ड्याचा पाला दाबून घट्ट बंद करतात. तोंड सैल राहिल्यास वाफ निसटते आणि शेंगा कोरड्या पडतात.

भाजणी

भरलेले मडके जमिनीवर उपडे ठेवून त्याच्याभोवती व वर गोवऱ्या, सुका पाला, काटक्या आणि भाताचा पेंढा रचतात व पेटवतात. शेंगांतील आणि पाल्यातील ओलाव्याची वाफ होऊन आतील जिन्नस शिजतात. साधारण पाऊण तास आच द्यावी लागते. मडके तयार झाले की नाही हे पाहण्यासाठी त्यावर पाण्याचे थेंब शिंपडतात. थेंब चर्र आवाज करून लगेच उडून गेले आणि भांबुर्ड्याचा खमंग वास सुटला, म्हणजे पोपटी झाली असे समजतात. जाणकार मंडळी नुसत्या वासावरून अंदाज बांधतात.

वाढप

आग बाजूला सारून मडके काठीच्या आधाराने उचलतात आणि पाला काढून त्यातील जिन्नस केळीच्या पानांवर किंवा पत्रावळीवर ओततात. जेवणारे सर्वजण भोवती बसून शेंगा सोलून खातात. शेंग सोलणे हे सावकाशीचे काम असल्यामुळे पोपटीचे जेवण लांबते आणि गप्पांना वेळ मिळतो.

दक्षिण गुजरातेत वलसाडच्या परिसरात याच तत्त्वावर उंबाडियु नावाचा पदार्थ करतात. देशावर याच ऋतूत होणारी हुरड्याची मेजवानीही शेतावरच होते. तेथे वालाऐवजी ज्वारीची कोवळी कणसे भाजली जातात.

रात्रीचे आकाश

महिन्यांची नावे व नक्षत्रे

मराठी महिन्यांची नावे त्या त्या महिन्यातील पौर्णिमेचा चंद्र ज्या नक्षत्रात वा त्याच्या जवळ असतो त्यावरून पडली आहेत. कार्तिकाला कृत्तिका, मार्गशीर्षाला मृगशीर्ष, पौषाला पुष्य आणि माघाला मघा या नक्षत्रावरून नाव मिळाले. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या वेळी उगवून रात्रभर आकाशात राहतो, त्यामुळे त्याच्याजवळचे नक्षत्रही त्या महिन्यात रात्रभर दिसते. पोपटीच्या दोन महिन्यांत आकाशात काय असणार, हे त्यामुळे पंचांगातील महिन्यांच्या नावांतच सांगितलेले आहे.

प्रमुख तारे

या ऋतूतील आकाशाचा मध्यबिंदू म्हणजे मृग नक्षत्र. मधल्या तीन तिरप्या ताऱ्यांमुळे ते नवख्यालाही ओळखता येते. डिसेंबरच्या मध्यास ते मध्यरात्रीनंतर, तर जानेवारीअखेरीस रात्री साडेनऊच्या सुमारास सर्वांत उंच येते. तीन ताऱ्यांची रेघ एका बाजूला वाढवल्यास व्याध हा रात्रीच्या आकाशातील सर्वांत तेजस्वी तारा आणि दुसऱ्या बाजूला वाढवल्यास रोहिणी व कृत्तिका सापडतात. व्याध, प्रश्वा, पुनर्वसू, ब्रह्महृदय, रोहिणी आणि राजन्य या ताऱ्यांनी मिळून हिवाळी षट्कोन तयार होतो. तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस मृगातील तेजोमेघ असतो. अंधाऱ्या जागेवरून तो नुसत्या डोळ्यांना धुरकट ठिपक्यासारखा दिसतो.

दक्षिण क्षितिजावर अगस्त्य तारा दिसतो. तो तेजात व्याधाच्या खालोखाल असून या अक्षांशावरून क्षितिजापासून जास्तीत जास्त सुमारे १८ ते १९ अंश उंच येतो. उत्तरेस ध्रुवताराही जवळपास तेवढ्याच उंचीवर असतो, कारण ध्रुवताऱ्याची उंची त्या ठिकाणाच्या अक्षांशाइतकी असते. हात लांब करून धरलेली एक मूठ साधारण १० अंशांचे अंतर झाकते. म्हणजे साजगावात ध्रुव व अगस्त्य दोघेही क्षितिजावर जेमतेम दोन मुठी उंच दिसतात. ध्रुवीय प्रकाशासाठी प्रसिद्ध असलेल्या नॉर्वेतील ट्रोम्सो येथे ध्रुवतारा सुमारे ७० अंशांवर असतो आणि अगस्त्य कधीच उगवत नाही.

जानेवारीअखेरीस रात्री अकरापर्यंत ईशान्येस सप्तर्षी पूर्ण वर येतात, मध्यरात्रीच्या सुमारास चित्रा व स्वाती उगवतात आणि पहाटे दक्षिणेस त्रिशंकू दिसतो. सह्याद्रीच्या भिंतीमुळे पूर्वेकडचे तारे प्रत्यक्ष उगवण्याच्या वेळेपेक्षा थोडे उशिरा दृष्टीस पडतात.

उल्कावर्षाव

दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमारास मिथुन उल्कावर्षाव परमोच्च बिंदूवर असतो. फेथन या लघुग्रहाच्या मार्गातील कण पृथ्वीच्या वातावरणात शिरून जळाल्यामुळे तो घडतो. हा लघुग्रह १९८३ मध्ये सापडला. आदर्श अंधारात या वर्षावात तासाला शंभराहून अधिक उल्का दिसू शकतात. प्रकाश असलेल्या जागी त्यांतील फक्त ठळक उल्का उरतात. उल्का पाहण्यासाठी दुर्बीण लागत नाही. जमिनीवर घोंगडी अंथरून आडवे पडणे आणि वाट पाहणे एवढेच करावे लागते.

जेवण व निरीक्षण यांचा क्रम

आग आणि आकाशदर्शन यांचे पटत नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. दृष्टिपटलातील प्रकाशसंवेदी द्रव्य पुन्हा तयार होण्यास तेवढा वेळ जातो, आणि जाळाकडे किंवा मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी सरावलेपण निघून जाते. त्यामुळे जेथे पोपटी व आकाशदर्शन एकत्र होते तेथे मडके अंधार पडतापडताच पेटवण्याची पद्धत आहे. आठ-साडेआठपर्यंत जेवण आटोपते, निखारे विझवले जातात आणि मंडळी जाळापासून दूरच्या बांधावर जातात. नकाशा किंवा दुर्बीण हाताळण्यासाठी लाल कागद लावलेली विजेरी वापरतात, कारण लाल प्रकाशाचा डोळ्यांच्या सरावावर कमी परिणाम होतो.

निखारे पूर्ण विझवणे आणखी एका कारणासाठी आवश्यक असते. या दिवसांत गवत वाळलेले असते आणि वाऱ्याने ठिणगी उडाल्यास डोंगरउतारावर वणवा पेटू शकतो. त्यासाठी पाणी मारणे व माती ओढणे हे दोन्ही केले जाते.

आकाशदर्शनासाठी अमावास्येजवळच्या रात्री निवडतात. चंद्राच्या उजेडात अंधुक तारे व तेजोमेघ लोपतात. नुसत्या पोपटीला मात्र चांदणे चालते.

सांस्कृतिक संदर्भ

जेवणाची वेळ आकाशावरून ठरवण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. संकष्टी चतुर्थीचा उपवास चंद्रदर्शनानंतर सोडतात आणि त्यासाठी दिनदर्शिकेत चंद्रोदयाची वेळ छापलेली असते. ढगाळ रात्री घरोघरी गच्चीवर किंवा अंगणात जाऊन चंद्राची वाट पाहिली जाते. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे कोजागरीला, आटवलेले दूध चांदण्यात ठेवून उघड्यावर पितात. याउलट ग्रहणकाळात न जेवण्याचा संकेत अनेक घरांत पाळला जातो. संकष्टी व कोजागरी या दोन्ही प्रसंगांत लक्ष चंद्राकडे असते. पोपटीनंतरच्या आकाशदर्शनात लक्ष ताऱ्यांकडे असते आणि चंद्र नसणे हीच सोय मानली जाते, हा त्यांतील फरक होय.

संघटित आकाशदर्शन

मराठी भाषकांत हौशी खगोलअभ्यासाची परंपरा मोठी आहे. पुण्यातील ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ मध्ये स्थापन झाली. मुंबईत वरळी येथे नेहरू तारांगण १९७७ मध्ये सुरू झाले. मुंबईतील खगोल मंडळ या संस्थेने कर्जत मार्गावरील वांगणी येथे रात्रभर चालणारे आकाशदर्शन कार्यक्रम घेतले. वांगणी ठाणे जिल्ह्यात असून कर्जत तालुक्याच्या सीमेजवळ आहे. उपनगरी गाडीने संध्याकाळी उतरणे, रात्रभर आकाश पाहणे आणि पहाटेच्या गाडीने परतणे शक्य असल्यामुळे कर्जत मार्गावरील गावे मुंबईकरांना सोयीची ठरली. अनेक शहरी मुलांनी आकाशगंगेचा पट्टा प्रथम अशाच एखाद्या शेतातून पाहिला.

पुढे या भागात शेतघरे, तंबूनिवास आणि कृषी पर्यटन केंद्रे वाढली. नेरळजवळील सगुणा बाग हे राज्यातील कृषी पर्यटनाच्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक आहे. आता अनेक ठिकाणी पोपटी हा पर्यटकांसाठीच्या हिवाळी भोजनाचा भाग झाला असून काही ठिकाणी दुर्बिणीतून ग्रह-तारे दाखवण्याची सोयही त्यास जोडलेली असते.

ध्रुवीय प्रकाश आणि रायगड

सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या प्रभावाने ध्रुवांभोवतीच्या वलयांत वातावरणात शिरतात आणि तेथील ऑक्सिजन व नायट्रोजन उद्दीपित होऊन प्रकाश देतात. हाच ध्रुवीय प्रकाश. साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनमुळे हिरवा, तर २०० किलोमीटरच्या वरील ऑक्सिजनमुळे लाल रंग दिसतो. हे वलय सामान्यतः भूचुंबकीय अक्षांशाच्या ६५ ते ७० अंशांच्या आसपास असते. रायगडचा भूचुंबकीय अक्षांश सुमारे १० अंश असल्यामुळे येथून तो प्रकाश दिसण्याची अपेक्षा करता येत नाही.

अत्यंत तीव्र भूचुंबकीय वादळात मात्र हे वलय विषुववृत्ताकडे सरकते. ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री आलेल्या अशा वादळात मुंबईहून ध्रुवीय प्रकाश दिसल्याची समकालीन वृत्तपत्रीय नोंद आहे. इतक्या कमी भूचुंबकीय अक्षांशावरील दर्शनाच्या ज्ञात नोंदींत तिची गणना होते. त्यापूर्वी सप्टेंबर १८५९ मधील कॅरिंग्टन वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनी टिपले होते. त्या वेळी चुंबकीय क्षेत्राच्या क्षितिजसमांतर घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली आणि ती नोंद आजही जगभरच्या अभ्यासकांकडून वापरली जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार होत्या. त्यांच्या विद्युतप्रवाहामुळे कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडल्या असत्या. म्हणून संचालक नानाभाई फ्रामजी मूस यांच्या काळात हे काम रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथे हलवण्यात आले. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये सुरू झाली आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घालण्यात आला. अलिबागची वेधशाळा आजही कार्यरत आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालयही याच जिल्ह्यात, नवीन पनवेल येथे आहे. अशा रीतीने जेथून ध्रुवीय प्रकाश दिसत नाही, त्याच जिल्ह्यात त्याला कारणीभूत ठरणाऱ्या वादळांची अखंड नोंद ठेवली जाते.

अलीकडे १०-११ मे २०२४ च्या रात्री आलेल्या तीव्र वादळात लडाखमधील हानले येथून आकाशातील लाल प्रकाशाची छायाचित्रे घेण्यात आली.

उत्तरेकडील समांतर प्रथा

नॉर्वेतील ट्रोम्सो परिसरात हिवाळ्यात प्रवाशांना रात्री शहराबाहेर नेऊन सामी लोकांच्या लाव्वू नावाच्या शंकूच्या आकाराच्या तंबूत शेकोटीभोवती बसवतात आणि बिदोस हा रेनडिअरच्या मांसाचा, बटाटे व गाजरे घातलेला रस्सा वाढतात. फिनलंडमध्ये काचेच्या छताच्या खोल्यांतून आकाश पाहण्याची सोय असते. महाराष्ट्रातूनही अशा सहलींना जाणाऱ्यांची संख्या अलीकडे लक्षणीय झाली आहे.

दोन्ही ठिकाणी थंडी, उघडी जागा, आगीवर सावकाश शिजणारे अन्न आणि अंधार हे घटक समान आहेत. भेद प्रतीक्षेच्या स्वरूपात आहे. ध्रुवीय प्रकाश दिसेलच असे सांगता येत नाही. ढग आले किंवा सूर्य शांत असला तर रात्र वाया जाते, आणि जेवण हे त्या अनिश्चित प्रतीक्षेला दिलेले सोबतीचे साधन असते. मृग नक्षत्र मात्र ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी येते. तेथे वाट पाहावी लागते ती मडक्याची, आणि पुढे डोळे अंधाराला सरावण्याची.

अंधाराचा व वालाच्या शेतांचा ऱ्हास

खोपोली आणि वीज यांचा संबंध जुना आहे. टाटा समूहाचे खोपोली येथील जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटमाथ्यावरील तलावांच्या पाण्यावर तयार झालेली वीज मुंबईला पुरवली जाऊ लागली. मुंबईचे दिवे ज्या पायथ्याच्या विजेवर उजळले, त्या पायथ्याचे आकाश पुढे कित्येक दशके काळे राहिले. नंतर औद्योगिक वसाहती, २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, गोदामे, गृहसंकुले आणि मनोरंजन उद्याने यांमुळे या भागात रात्रीचा कृत्रिम प्रकाश वाढला. पश्चिमेकडे पनवेल व नवी मुंबईची आणि पूर्वेकडे घाटमाथ्यावरील लोणावळा-खंडाळ्याची प्रभा क्षितिजावर दिसते. हिवाळ्यात थंड हवेचा थर खोऱ्यात अडकून धूर व धूळ खाली साचते. त्यावरून प्रकाश विखुरल्याने आकाश अधिकच फिकट होते.

जमीन विकली गेली, तिच्यावर भराव पडला किंवा कुंपण आले की भातामागून वाल घेण्याची साखळी तुटते. बांध नाहीसे झाल्यावर भांबुर्डाही राहत नाही. काही पर्यटनस्थळी पोपटीसाठी शेंगा बाजारातून आणाव्या लागतात आणि भांबुर्डा न मिळाल्यास केळीच्या पानांवर भागवले जाते. त्या पदार्थाला मूळ वास येत नाही. ज्या जागी दिवे वाढले त्याच जागी वाल कमी झाला, कारण दोहोंमागे जमिनीच्या वापरातील एकच बदल आहे.

आकाशाचा अंधार मोजण्यासाठी अमेरिकी निरीक्षक जॉन बॉर्टल यांनी २००१ मध्ये नऊ पायऱ्यांची श्रेणी मांडली. उपकरणाशिवाय अंदाज घेण्याचा एक सोपा मार्ग म्हणजे कृत्तिकेतील तारे मोजणे. सामान्य दृष्टीच्या माणसाला चांगल्या अंधारात तेथे सहा किंवा अधिक तारे वेगळे दिसतात. प्रकाशमय शहरात कृत्तिका हा केवळ एक अस्पष्ट पुंजका असतो किंवा दिसतच नाही.

संरक्षणाचे प्रयत्न

प्रकाशप्रदूषण इतर प्रदूषणांपेक्षा लवकर दूर करता येते, कारण दिवा बदलला की परिणाम त्याच रात्री दिसतो. दिव्यावर झाकण बसवून प्रकाश फक्त जमिनीकडे पाडणे, पांढऱ्या-निळसर प्रकाशाऐवजी पिवळसर प्रकाश वापरणे आणि गरज नसताना दिवे बंद ठेवणे हे त्याचे सर्वमान्य उपाय आहेत. लडाखमधील हानले येथे डिसेंबर २०२२ मध्ये काळोखी आकाश राखीव क्षेत्र अधिसूचित झाले. महाराष्ट्रात नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतील पथदिवे बदलून जमिनीकडे रोख असलेले दिवे बसवण्यात आले.

कर्जत-खालापुरासारख्या दाट वाहतुकीच्या व महानगरालगतच्या भागात पेंचइतका अंधार परत येणे कठीण आहे. तथापि शेतघरे, तंबूनिवास आणि वाड्यांवरील दिव्यांना झाकण घातल्यास खोऱ्यातील स्थानिक प्रकाश कमी होऊ शकतो. वालासाठीही शेतीच्या पातळीवर उपाय उपलब्ध आहेत. सगुणा बागेत विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात भातानंतर जमीन न नांगरता त्याच गादीवाफ्यांवर वालासारखे दुसरे पीक घेतले जाते. त्यामुळे मजुरी वाचते आणि जमीन पडीक राहत नाही. पोपटीची मागणी पर्यटनामुळे वाढली असल्याने ओल्या शेंगांना हंगामात गावातच गिऱ्हाईक मिळू शकते. शेतात वाल उभा राहिला, तर त्याच्याभोवतीचा बांध आणि बांधावरची काळोखी जागाही टिकून राहते.

हेही पाहा

वाल
बिरडे
हुरडा
मृग नक्षत्र
उल्कावर्षाव
ध्रुवीय प्रकाश
अलिबाग चुंबकीय वेधशाळा
प्रकाशप्रदूषण